अपुरा म्हणजे किती?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पावसाळ्यात बोरी नदी भरून वाहू लागली की आमच्या जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली नळदुर्गला निघतात. मीही तसाच पहिल्यांदा गेलो होतो, सातवीत असताना. नळदुर्ग आणि रणमंडळ या दोन किल्ल्यांच्या मधून नदी जाते, तिला आडवा दगडी बंधारा घातलेला आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. डोक्यावरून आणि समोरून पाणी कोसळते, पण आत बसलेल्या माणसाचा सदरा ओला होत नाही. नर आणि मादी हे दोन सांडवे बाहेर गर्जत असतात. गुरुजी आम्हाला इब्राहिम आदिलशहा दुसरा, इ.स. १६१३ असे पाठ करून घेत होते. माझे लक्ष मात्र वेगळ्याच गोष्टीकडे होते. माझे वडील पाण्याच्या खात्यात होते, आणि घरी रोज एकच शब्द कानावर पडायचा: प्रेशर. या बंधाऱ्याच्या तळाला नळ बसवला तर त्याला किती प्रेशर येईल, असे मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "वॉलमनचा पोरगा शोभतोस."

त्या प्रश्नाचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी मिळाले. उत्तर अगदी सोपे आहे. पाणी उभे दहा मीटर असेल तर त्याच्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब असतो. प्लंबर लोक त्यालाच 'एक किलो प्रेशर' म्हणतात. नळदुर्गचा बंधारा सुमारे ९० फूट उंच आहे, म्हणजे सत्तावीस मीटर. तो काठोकाठ भरला की पायथ्याशी पावणेतीन किलोच्या आसपास दाब येतो. पाणी किती पसरले आहे, तलाव केवढा आहे, याला इथे महत्त्व नाही, फक्त उंचीला आहे. उंचीवरून कोसळणाऱ्या किंवा भोकातून सुटणाऱ्या पाण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, हे इटलीतल्या टॉरिसेलीने १६४४ साली प्रसिद्ध केले. म्हणजे पाणीमहाल बांधून तीस वर्षे उलटल्यावर. ज्या मीर मुहंमद इमादीनने हे काम केले असे सांगतात, त्याच्याजवळ हे सूत्र नव्हते, पण त्याचा अंदाज नक्की होता. नाहीतर चारशे वर्षे हे दगड जागेवर राहिले नसते.

आदिलशाहीच्या कारागिरांना पाण्याचा दाब कळत होता, याचा दुसरा पुरावा विजापुरात आहे. तोरवीच्या बाजूने शहराला पाणी आणताना त्यांनी वाटेवर जागोजागी पंचवीस-चाळीस फुटांचे चौकोनी मनोरे उभे केले. त्यांना 'गंज' म्हणतात. आमच्या भागात गंज म्हणजे कडब्याची. तिला आग लागली तर गावाची झोप उडते. विजापुरात मात्र गंज म्हणजे पाण्याची. नळातून आलेले पाणी मनोऱ्यात वर चढते, तिथे जास्तीचा दाब मोकळा होतो, गाळ खाली बसतो आणि मग पाणी पुढच्या नळात उतरते. मातीचे नळ फुटू नयेत म्हणून दाब कमी करायची ही युक्ती. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, पाणचक्कीत अठराव्या शतकात याच्या उलट केले गेले. पाणी उंच चढवून खाली पाडायचे आणि त्या जोरावर जाते फिरवायचे. दाब कुठे मारायचा आणि कुठे राखायचा, हे दख्खनमधल्या माणसांना इंग्रज येण्याच्या फार आधीपासून ठाऊक होते. १८५३ साली नळदुर्ग इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर तिथे कारभारी म्हणून मेडोज टेलर आला. तो किल्ल्यातच राहायचा आणि चांदबिबीवरच्या त्याच्या कादंबरीत हा किल्ला मोठ्या प्रेमाने आलेला आहे.

आता अब्बांकडे येतो.

जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अब्बा वॉलमन होते. शहरातल्या वाचकांना हा हुद्दा माहीत नसेल. टाकीत पाणी एवढेसे आणि गाव मोठे, म्हणून पाणी पाळीने सोडावे लागते. कोणत्या गल्लीला कधी, किती वेळ, हे ठरवून रस्त्यातल्या खड्ड्यातला वॉल उघडणारा आणि बंद करणारा तो वॉलमन. अब्बांच्या खांद्यावर लोखंडी चावी असायची, टी आकाराची, माझ्या उंचीएवढी. सायकलवरून ती दिसली की बायका घागरी घेऊन नळावर धावायच्या. पाणी आले तर "भाई आले", उशीर झाला तर "कुठं मेला वॉलमन". दोन्ही त्यांनी सारख्याच शांतपणे ऐकले.

१९८१ च्या मे महिन्यात चाचांच्या दुकानाला आग लागली. मी अकरा वर्षांचा होतो. चाचा पिंजारी. पत्र्याच्या ओळीत त्यांचे गाद्या भरायचे दुकान होते. लग्नसराई होती, त्यामुळे आत कापूस छतापर्यंत रचलेला. रात्री दीड-दोनच्या सुमारास ओरड झाली. आग कशी लागली हे कधी कळले नाही. लोकांनी आडावरून घागरी आणल्या, रांजण उलटे केले, शेजारच्या हॉटेलवाल्याने दुधाच्या कॅनमधून पाणी ओतले. तीस-पस्तीस किलोमीटरवरून बंब यायला दीड तास लागला.

हा 'बंब' शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत बोंबा म्हणजे पंप. घरातला आंघोळीचे पाणी तापवणारा बंब आणि आग विझवणारा बंब, दोघांना आपण एकच नाव दिले. माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याला अशा गोष्टींचा मोह होतो, म्हणून सांगितले.

बंबाच्या टाकीत साधारण साडेचार हजार लिटर पाणी असते. ऐकायला पुष्कळ वाटते, पण मिनिटाला नऊशे लिटरने मारले तर पाच मिनिटांत संपते. तसे ते संपले. मग जवानांनी चौकातल्या हायड्रंटला पाइप जोडला. त्या लाल खांबाला आम्ही तोवर शेळ्या बांधत होतो. तोटी उघडली आणि करंगळीएवढी धार पडली. त्या रात्री पाळी दुसऱ्या गल्लीची होती. अब्बा चावी घेऊन पळत सुटले. जाताना ओरडले ते मला अजून ऐकू येते, "सबके वालां बंद करो, सब पानी इधर लाओ!" त्यांनी तीन वॉल बंद केले. चौथ्याचा खड्डा सापडेना. महिन्यापूर्वीच त्या रस्त्यावर मुरूम टाकून डांबर ओतले होते आणि खड्डा त्याच्याखाली गेला होता. अब्बा गुडघ्यावर बसून चावीच्या टोकाने डांबर ठोकत होते. त्या गल्लीत लोक निवांतपणे हौद भरत होते, त्यांना काय माहीत. गाव झोपेत असले की पाणी चांगले येते, म्हणून बायका मुद्दाम रात्रीच उठायच्या.

दुकान गेले, ओळीतली आणखी दोन गेली. जीवितहानी झाली नाही. तिसऱ्या दिवशी विझलेल्या ढिगातून पुन्हा धूर यायला लागला. कापूस आतल्या आत धुमसत होता. वरून कितीही पाणी घाला, दाबलेल्या कापसात ते शिरत नाही.

त्यानंतर चौकशी झाली आणि अब्बांना मेमो मिळाला. आग आटोक्यात न येण्याचे कारण म्हणून त्यात लिहिले होते: पाण्याचा दाब अपुरा. अपुरा म्हणजे किती, हे लिहिलेले नव्हते. किती असता तर पुरला असता, हेही नव्हते. पुढची पंधरा वर्षे नोकरी करताना अब्बा अधूनमधून हे दोन प्रश्न कोणाला तरी विचारत. उत्तर देण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही.

हे प्रश्न जगात पुष्कळ आधी विचारले गेले होते. लंडनमध्ये पूर्वी लाकडाच्या ओंडक्यांचे नळ असत. आग लागली की रस्ता खणायचा, ओंडक्याला भोक पाडायचे, पाणी घ्यायचे आणि नंतर भोकात खुंटी ठोकायची. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर अशा खुंट्या आधीच ठोकून ठेवायची सोय झाली. आजच्या हायड्रंटचे श्रेय अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या फ्रेडरिक ग्राफला देतात, साल १८०१ च्या आसपासचे. पण त्याच्या पेटंटचा कागद दाखवता येत नाही, कारण १८३६ साली तिथले पेटंट कार्यालयच आगीत जळाले. १९०४ साली बाल्टिमोर शहर पेटले तेव्हा शेजारच्या शहरांतून बंब धावले, पण त्यांच्या पाइपांची तोंडे तिथल्या हायड्रंटला बसेनात. पंधराशेहून जास्त इमारती गेल्या. हायड्रंट असणे आणि त्यातून पाणी मिळणे यांत अंतर असते, हे असे एकेका आगीने शिकवले.

आपल्याकडे मुंबईला १८६० साली विहार तलावाचे नळाचे पाणी मिळू लागले आणि १८८७ साली रीतसर अग्निशमन दल झाले. तिथली आपल्याला विसरता न येणारी तारीख १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचे जहाज लागले होते. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि त्याच्याजवळच कापसाच्या हजारो गाठी. दुपारी कापूस धुमसू लागला. दलाने जहाजावर नऊशे टनांहून अधिक पाणी ओतले. धुरामुळे आग नेमकी कुठे आहे ते दिसेना, आणि ओतलेले पाणी जहाजात उकळू लागले. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला. दलाचे ६६ जण गेले. दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो याच दिवसासाठी. हे वाचताना मला चाचांचा ढीग आठवतो, इलाज नाही. तिथे पाण्याची कमी नव्हती, तरी कापसाने ऐकले नाही. आमच्याकडे तर करंगळीएवढी धार होती.

आता मुद्द्याची गोष्ट. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, गणिताशी माझा संबंध दहावीतच तुटला. पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेल्या एका इंजिनिअर मित्राने मला ही परीक्षा कागदावर काढून समजावली. मला समजली म्हणजे तुम्हालाही समजेल.

जवळजवळचे दोन हायड्रंट घ्यायचे. पहिल्याला फक्त दाबाचे घड्याळ लावायचे, त्यातून पाणी सोडायचे नाही. समजा काटा चार किलोवर आहे. हा झोपलेल्या पाण्याचा दाब. आता दुसरा हायड्रंट पूर्ण उघडायचा. पाणी धावू लागले की नळात घासते, वळणांवर अडखळते आणि पहिल्या हायड्रंटवरचा काटा खाली येतो. समजा तो ३.२ वर आला. हा जागत्या पाण्याचा दाब. आठ दशांश किलो वाटेत खर्च झाले. त्याच वेळी दुसऱ्या हायड्रंटच्या धारेत एक बारीक नळी धरायची. ही युक्ती आन्री पिटो या फ्रेंच माणसाने १७३२ साली पॅरिसच्या सेन नदीचा वेग मोजायला काढली. धारेच्या जोराने नळीत पाणी २.६ मीटर चढण्याइतका दाब दिसला, तर वेग सेकंदाला सात मीटरच्या थोडा वर. अडीच इंची तोंडातून, कडेचे थोडे नुकसान धरून, मिनिटाला सुमारे बाराशे लिटर.

पण बाराशे हे उत्तर नव्हे. ते त्या एका तोंडाचे झाले. बंबाने जोर लावून ओढले तर नळ जास्तीत जास्त किती देईल, हा खरा प्रश्न. दाब शून्यापर्यंत ओढायचा नाही. तसे केले तर नळ चेपतात, गळक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत येते. म्हणून साधारण १.४ किलो दाब नळात शिल्लक ठेवायचाच, असा दंडक आहे. म्हणजे चारातून १.४ गेले, खर्चायला २.६ उरले. परीक्षेत ०.८ खर्चून बाराशे लिटर मिळाले. २.६ म्हणजे त्याच्या सव्वातीन पट, म्हणून पाणीही सव्वातीन पट, एकोणचाळीसशे लिटर मिळेल, असे मी लगेच सांगितले. मित्र हसला. पाणी दुप्पट करायला दाब दुप्पट खर्चून भागत नाही, जवळजवळ साडेतीन पटींहून जास्त लागतो. गर्दीच्या बोळासारखे आहे, माणसे दुप्पट झाली की धक्काबुक्की दुपटीच्या पुढे जाते. हेझन आणि विल्यम्स या दोघांनी १९०५ साली याचे कोष्टक दिले. त्याप्रमाणे सव्वातीनाचा ०.५४ वा घात करायचा. येतात १.८९. म्हणजे बाराशेचे होतात सुमारे २,२७०. एकोणचाळीसशे नव्हेत. आगीच्या वेळी या दोन आकड्यांमध्ये दोन-तीन दुकाने जळून जातात.

या विद्येला पैसा कोणी पुरवला, तर विमा कंपन्यांनी. अमेरिकेतल्या कापडगिरण्यांचा विमा उतरवणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या जॉन फ्रीमनने धारा मोजण्याचे प्रयोग करून १८८९ साली छापले. पुन्हा कापूसच. तिथे हायड्रंटची टोपी रंगवून ठेवतात: मिनिटाला सुमारे १,९०० लिटरच्या आत देणारा लाल, त्याच्यावरचा नारिंगी, मग हिरवा, आणि ५,७०० च्या वरचा निळा. रात्री बंबवाल्याने टोपी पाहिली की पाणी किती मिळेल ते कळते. आमच्या चौकातला खांब सगळाच लाल होता, पण तो रंग म्हणून.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या नियमपुस्तकात आगीसाठी किती पाणी धरायचे, याचे सूत्र आहे. पन्नास हजारांहून मोठ्या गावासाठी लोकसंख्या हजारांत घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि शंभराने गुणायचे, तेवढे हजार लिटर दिवसाला. धाराशिव शहराची, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादची, लोकसंख्या २०११ साली सुमारे १ लाख १२ हजार होती. एकशे बाराचे वर्गमूळ १०.६. म्हणजे दहा लाख साठ हजार लिटर, आणि त्यातले एक तृतीयांश, साडेतीन लाखांच्या आसपास, कायम टाकीत राखून ठेवायचे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली. तिच्या दहा डब्यांत पाच लाख लिटर होते आणि ती बघायला स्टेशनवर गर्दी लोटली होती. तशा दोन गाड्यांहून थोडे जास्त पाणी, फक्त आगीच्या नावाने. ज्या मराठवाड्यात पिण्याच्या पाण्याची पाळी आठवड्याने येते, तिथे नगराध्यक्षाला जाऊन हे सांगून बघा.

खरी अडचण त्याहून खोल आहे. वर सांगितलेली सगळी परीक्षा एक गोष्ट गृहीत धरते, की नळात पाणी चोवीस तास भरलेले आहे. पाळीच्या गावात नळ बहुतेक वेळ रिकामाच असतो. त्यात घड्याळ लावले तर काटा कशाला हलेल? म्हणून आपल्याकडचे बंबवाले हायड्रंटचा नाद सोडून टाकीवर, विहिरीवर, टँकरवर जातात, आणि ते बरोबरच करतात. अशा गावाने हायड्रंट मोजण्यापेक्षा टाकीखाली बंब भरायचे तोंड चालू ठेवावे, ते मिनिटाला किती भरते ते मोजून भिंतीवर रंगवावे, आणि कोणत्या गल्लीचे कोणते वॉल बंद केले की पाणी कुठे वळते याचा नकाशा करावा, असे माझे मत आहे. वॉलमनच्या डोक्यात तो नकाशा असतो. तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर घरी जातो.

अब्बा २०१४ साली गेले. त्याच्या आदल्या वर्षी, दुष्काळात, तो इंजिनिअर मित्र घरी आला होता. पिशवीत दाबाचे घड्याळ होते. त्या दिवशी गल्लीला पाणी होते, म्हणून त्याने ते अंगणातल्या नळाला लावून दाखवले. काटा अर्ध्या किलोच्या थोडा वर थांबला. पाच मिनिटांत शेजाऱ्यांच्या मोटारी एकेक सुरू झाल्या आणि काटा शून्याला टेकला. अब्बा म्हणाले, आम्ही हे नळाच्या तोंडाला अंगठा लावून बघायचो. मग त्यांनी चौकातल्या हायड्रंटचे विचारले. करंगळीएवढी धार होती, तर ती किती धरायची? मित्राने सांगितले, तोंड भरून पाणी आले नाही तर पिटोची नळी धरताच येत नाही. अशा वेळी आकडा निघत नाही, शून्य लिहायचे.

"मग शून्य लिहायचं होतं," अब्बा म्हणाले. "अपुरा कशाला लिहिलं?"

तो मेमो अम्मींच्या ट्रंकेत आहे. चावी दाराच्या मागे.